अभ्यासिकेच्या गच्चीवरचे दोन अँटेना : प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२४, अंबाजोगाई

विषय पक्का झाला. सरांनी 'मायमोचं सिम्युलेशन' एवढंच सुचवलं होतं. मायमो म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेनांनी पाठवायचं आणि अनेक अँटेनांनी घ्यायचं. आम्ही म्हटलं, सिम्युलेशन करूच, पण त्याचा कुणाला तरी उपयोग झाला पाहिजे. सर लगेच तयार झाले.

माझ्या गावात, बर्दापूरच्या पुढे आत वळल्यावर, ग्रामपंचायतीने जुन्या चावडीच्या जागी अभ्यासिका बांधली आहे. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटेपासून तिथं बसतात. खाली काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर नवा स्लॅब. आत मोबाइलला रेंज जेमतेम. फॉर्मची शेवटची तारीख आली की फोटो आणि सही अपलोड करायला पोरं ओढ्यावरच्या पुलावर जाऊन उभी राहतात. टॉवर लातूर रस्त्यालगत आहे. गच्चीवरून तो उघड्या डोळ्यांनी दिसतो, नकाशावर अंतर तीन किलोमीटर भरतं. मध्ये सगळं सोयाबीन, तूर आणि थोडा ऊस.

ग्रामपंचायतीने सिमकार्डचा ४जी राउटर आणून ठेवला आहे. त्याच्या पाठीमागे बाहेरच्या अँटेनासाठी दोन सॉकेट आहेत. आमचा प्रकल्प या दोन सॉकेटांतूनच निघतो. दोन का? तिथं काय लावायचं? आणि कोणत्या कोनात?

१८ जुलै

वाचन. राउटर कॅटेगरी ४ चा आहे. म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कागदावर सेकंदाला १५० मेगाबिट. हा आकडा दोन लेयर, म्हणजे एकाच वेळी जाणारे डेटाचे दोन प्रवाह, धरून आहे. एकाच लेयरवर काम चाललं तर कागदावरचाच आकडा ७५ वर येतो. एकाच वेळी, एकाच पट्ट्यात, दोन अँटेनांवरून दोन वेगळे डेटाचे प्रवाह पाठवायचे आणि पलीकडे दोन अँटेनांनी ते गणिताने सोडवून घ्यायचे, हेच ते स्पेशियल मल्टिप्लेक्सिंग.

ही कल्पना कुठून आली ते शोधताना अभिमान वाटावा अशी गोष्ट सापडली. १९९२ मध्ये स्टॅनफर्डमधून यावरच्या पेटंटचा अर्ज गेला आणि १९९४ मध्ये पेटंट मिळालं. त्यावर दोन नावं आहेत: आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ. कैलाथांचा जन्म पुण्याचा, १९३५ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये त्यांनी टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली. पॉलराज नौदलातले. खडकवासल्याची प्रबोधिनी, मग लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र. डिसेंबर १९७१ मध्ये आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडाली. त्यानंतर नौदलाचं सोनार सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि पुढे त्यांनी अपसोह हे सोनार उभं केलं. पाण्याखाली अनेक संवेदकांनी आवाजाची दिशा ओळखायची आणि हवेत अनेक अँटेनांनी लहरी वेगळ्या करायच्या, दोन्हींचं गणित एकाच घरातलं. २०१४ मध्ये त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं. आमच्या पाठ्यपुस्तकात या दोघांवर एक ओळही नाही. अहवालाच्या पहिल्या प्रकरणात आम्ही हे लिहिणार.

पुढचे टप्पे थोडक्यात: बेल लॅब्जमध्ये तेलातार आणि फोशिनी यांनी १९९५–९६ च्या सुमारास क्षमतेचं गणित मांडलं. १९९८ मध्ये अलामौटींनी दोन अँटेनांवरून एकच माहिती अदलाबदल करून पाठवायची सोपी रीत दिली. पहिली वाट वेग वाढवते, दुसरी भरवसा. मोबाइलच्या मानकांत दोन्ही आहेत.

२६ जुलै

एलटीईचे, म्हणजे ४जीच्या मानकाचे, ट्रान्समिशन मोड (टॉवरने अँटेना कशा वापरायच्या याच्या रीती) नीट समजून घेतले. मानकाच्या आवृत्तीला रिलीज म्हणतात. डिसेंबर २००८ मध्ये गोठवलेल्या रिलीज ८ मध्ये मोड १ ते ७ आहेत. रिलीज ९ ने आठवा, १० ने नववा (आठ लेयरपर्यंत) आणि ११ ने दहावा आणला. आमच्या कामाचे तीनच. मोड २ म्हणजे अलामौटींच्या रीतीचं फ्रिक्वेन्सीतलं रूप. इथं एकच प्रवाह असतो, तो दोन वाटांनी जातो. मोड ३ मध्ये दोन लेयर जातात, पण टॉवर वाटेचा तपशील विचारत नाही. मोड ४ मध्ये टॉवर तपशील विचारून दोन्ही अँटेनांचा फेज, म्हणजे लहरींच्या चढउतारांची वेळ, जुळवून घेतो.

राउटर टॉवरला तीन गोष्टी कळवतो. आरआय म्हणजे किती लेयर झेपतील. पीएमआय म्हणजे फेजची कोणती जुळणी बरी. सीक्यूआय म्हणजे दर्जा, ० ते १५. सीक्यूआय १ ला एका चिन्हात, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या लहरीच्या एका तुकड्यात, जेमतेम ०.१५ बिट मावतो, १५ ला ५.५५. याचा अर्थ एका लेयरला वरची मर्यादा आहे. सिग्नल कितीही जोरदार केला तरी एका लेयरमधून ५.५५ च्या वर काही निघत नाही. त्यापुढे जायचं तर दुसरा लेयरच लागतो.

एक बारकावा मला फार आवडला. टॉवरला किती अँटेना पोर्ट (मोबाइलला वेगळे दिसणारे अँटेना) आहेत हे मोबाइलला सुरुवातीला वेगळा संदेश देऊन सांगतच नाहीत. टॉवर सगळ्यांना ऐकवतो त्या पहिल्या माहितीच्या (पीबीसीएच) शेवटी चूक ओळखणारे बिट (सीआरसी) असतात, त्यांवर जो मुखवटा चढवतात त्यातूनच ते कळतं: एका पोर्टला सगळी शून्यं, दोनला सगळे एक, चारला शून्य-एक-शून्य-एक. एकही जादा बिट खर्च न करता.

४ ऑगस्ट

आज ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरवर जे उतरलं ते या प्रकल्पाचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टॉवरवरच्या पॅनेलमध्ये अँटेना +४५ आणि −४५ अंशांवर तिरपे असतात. आमच्यासमोर उघडं शिवार. मध्ये इमारत नाही, डोंगर नाही, लहर सरळ येते. आता गच्चीवरचे दोन्ही अँटेना उभे लावले असं धरा. प्रत्येक उभा अँटेना दोन्ही तिरप्या लहरींमधला कॉस ४५, म्हणजे ०.७०७ भाग उचलतो. चॅनेल मॅट्रिक्स म्हणजे टॉवरच्या कोणत्या अँटेनाचं आमच्या कोणत्या अँटेनात किती येतं याचा तक्ता. त्याच्या चारही जागी ०.७०७. दोन्ही ओळी सारख्या. दोन समीकरणं आहेत पण दुसऱ्यात नवीन काहीच नाही, म्हणून रँक, म्हणजे सुटे करता येणारे प्रवाह, १. आता आमचे अँटेनाही एक +४५ आणि एक −४५ असे तिरपे करा. कर्णावर १ आणि १, बाकी शून्य. रँक २.

गंमत अशी की दोन्ही मांडण्यांत पोचणारी एकूण ऊर्जा तीच आहे. चारही घटकांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे २. अँटेना तेच, केबल तीच, टॉवर तोच. बदलला तो फक्त कोन.

एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे तो आकडा (गणितात ρ), २० डीबी धरला तर:
उभी मांडणी, टॉवरला वाटेची माहिती नाही: दर हर्ट्झला ६.६६ बिट.
उभी मांडणी, टॉवरने पीएमआय वापरून फेज जुळवला: ७.६५.
तिरपी मांडणी: ११.३४.

एसएनआर ० डीबीवर आणला तर चित्र उलटतं. तिरपी १.१७ देते आणि पीएमआयसह उभी १.५८. दोन्ही रेषा कुठे छेदतात ते कागदावर सोडवलं. १ + २ρ = (१ + ρ/२)² या समीकरणातून ρ = ४ येतो, म्हणजे सुमारे ६ डीबी. तिथं दोन्ही मांडण्या ३.१७ देतात. सहाच्या खाली सगळी ताकद एका लेयरमागे लावावी, सहाच्या वर दोन लेयर करावेत. एवढा स्वच्छ निकाल हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

पीएमआयच्या तक्त्यातही आज अर्थ दिसला. दोन पोर्टांसाठी एका लेयरचे चार पर्याय आहेत: फेजचा फरक ०, १८०, +९० किंवा −९० अंश. +४५ आणि −४५ च्या लहरी एकाच फेजने सोडल्या की त्यांची मिळून उभी लहर होते. १८० फरकाने सोडल्या की आडवी, ९० च्या फरकाने गोल फिरणारी. टॉवरवरच्या दोन्ही फीडर सारख्या आहेत असं धरलं तर हे चार आकडे म्हणजे चार ध्रुवीकरणंच, लहरीच्या डोलण्याच्या चार तऱ्हाच झाल्या.

सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे गच्चीवर दाखवा."

१५ ऑगस्ट, गाव

झेंडावंदन झालं की गच्चीवर चढलो. लोखंडी पाइप, दोन छोटे लॉग-पिरिऑडिक (एका दिशेला रोखायचे) अँटेना, क्लॅम्प, आणि कोन मोजायला भावाच्या कंपासपेटीतला कोनमापक दोऱ्याला नट बांधून. ओळंबा झाला तयार.

केबलचा हिशोब आधीच केला होता. आरजी-५८ केबल २ गिगाहर्ट्झच्या आसपास मीटरला जवळजवळ १ डीबी खाते. खाली खोलीत राउटर ठेवून दहा मीटर केबल ओढली तर अँटेनाने कमावलेलं सगळं वाटेतच संपेल. म्हणून राउटर गच्चीवरच्या पेटीत, अँटेनाला अगदी आखूड केबल, आणि खाली फक्त लॅनची वायर. आत खोलीत वेगळा वायफाय बसवला.

सरपंचकाका वर आले. "काय करायलात रे? डिशची छत्री हाय का?"

"नाही काका, टॉवरचं नेट घ्यायलो."

"मग दोन कशाला? दोन लावल्यावर डबल होतंय का?"

"नीट लावले तर होतंय. तेच बघायलो."

आधी दोन्ही उभे. राउटरमधल्या मोडेमला आकडे विचारणाऱ्या एटी कमांड दिल्या: आरआय जवळजवळ सारखा १. मग एक क्लॅम्प सैल करून ओळंब्याच्या दोऱ्याकडे बघत अँटेना उजवीकडे ४५ अंश झुकवला, दुसरा डावीकडे. आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, जागची फारशी हलली नाही. आरआय २ वर गेला आणि तिथंच राहिला. पुन्हा उभे केले, पुन्हा १. पुन्हा तिरपे, पुन्हा २. जोडीदार आकडे वाचत होता आणि मी पाना फिरवत होतो. दोन्ही एकाच बाजूला तिरपे केले तेव्हाही आरआय १. डाऊनलोडचा वेगही आरआयच्या मागेमागे चालला.

काकांना स्क्रीनवरचा वेग दाखवला. ते बराच वेळ अँटेनाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "तिरकं केल्यावर वाढलं व्हय? बाजारातला माणूस तर म्हणला होता, उंच लावा."

२ सप्टेंबर

कालपासून मराठवाडाभर अतिवृष्टी. पोळ्याचा दिवस, पण बैल गोठ्यातच. घरून फोनवर राउटरचे आकडे मागवले. आरएसआरपीत नाव घेण्यासारखा फरक नाही. १८०० मेगाहर्ट्झला पावसाच्या थेंबाने काही होत नाही, थेंबाचा त्रास सुरू होतो तो १० गिगाहर्ट्झच्या पुढे. दुपारी नेट गेलं ते वीज गेल्यामुळे.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. अभ्यासिकेत पोरांना आमचं काम समजावून सांगितलं. भूमितीत हुशार असलेल्या एका ताईने नेमका प्रश्न विचारला: "दादा, दोन्ही उभेच ठेवून एकमेकांपासून लांब लावले तर? दोन वेगळ्या जागांवरून बघितल्यासारखं होईल ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर हिशोबातच आहे. लहर सरळ येत असेल तर दोन्ही टोकांच्या अँटेनांमधल्या अंतरांचा गुणाकार किमान तरंगलांबी गुणिले टॉवरपर्यंतचं अंतर भागिले दोन इतका हवा, तरच दोन वाटा पूर्ण सुट्या होतात. १८०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १६.७ सेंटिमीटर, अंतर ३,००० मीटर. गुणाकार येतो २५०. टॉवरवर दोन अँटेनांत एक मीटर असेल तर आमच्या दोनांत २५० मीटर हवेत. फळ्यावर हे मांडलं तेव्हा तिनेच सांगितलं, "म्हणजे एक इथं आणि दुसरा झेडपीच्या शाळेवर."

शहरात हे इतकं लागत नाही. भिंती, गाड्या, टाक्या यांवर आपटून लहरी दहा दिशांनी येतात, आणि मग तळहाताएवढं अंतरही पुरतं. अभ्यासिकेच्या खोलीतल्या वायफायलाही तेच लागू आहे. लोखंडी कपाटं, खिडकीचे गज, माणसं, या सगळ्यांमुळे तिथं दोन लेयर विनासायास मिळतात. वायफायमध्ये मायमो २००९ च्या ८०२.११एन पासून आहे. त्याचं नाव घरात गाजलं कारण घर त्याला अनुकूल आहे. शिवार तसं नाही. उघड्या रानात दोन लेयर मिळवून देणारं आमच्या हातात एकच आहे, ध्रुवीकरण.

मानकं वाचताना हे कुठे ठळकपणे सांगितलेलं दिसत नाही. जाहिराती तर अँटेना मोजूनच दाखवतात. म्हणून मी हे मोठ्या अक्षरात लिहिणार आहे.

६ ऑक्टोबर

बाजारातल्या माणसाचा सल्लाही तपासला. पाइप आणखी उंच केला. आरएसआरपी वाढला, पण एसआयएनआर (इतर टॉवरचा त्रास आणि गोंगाट यांच्या तुलनेत आपला सिग्नल) घसरला आणि आरआय मधूनमधून १ वर येऊ लागला. सपाट मुलखात उंच गेलं की आपला टॉवर जास्त दिसतो तसेच लांबचे टॉवरही दिसायला लागतात. त्याच पट्ट्यातला त्यांचा सिग्नल आपल्याला त्रासच देतो.

म्हणून पाइप खाली आणून गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आड बसवला. आपला टॉवर समोर मोकळा, आणि पाठीमागच्या टॉवरच्या वाटेत टाकी. एसआयएनआर लगेच सुधारला. यातून आणखी एक गोष्ट लक्षात आली. सकाळी टाकी भरलेली असताना आकडे चांगले, संध्याकाळी ती रिकामी होत आली की थोडे उतरतात. पाणी लहर शोषतं, नुसत्या प्लास्टिकमधून ती आरपार जाते. पाठीकडून येणारं अडवायला नंतर अँटेनामागे जाळीचा पत्रा लावून बघायचा आहे, म्हणजे टाकीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

पाइपला अर्थिंग केलं. गच्चीपासून तांब्याची पट्टी खाली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटाला विजा किती जीव घेतात हे गावाला सांगावं लागत नाही.

२० ऑक्टोबर

सोयाबीनच्या राशी चालू आहेत, गच्चीवर धुळीचा थर.

आज अपलोड. पोरांची खरी अडचण तीच होती. कॅटेगरी ४ चा राउटर ऐकतो दोन अँटेनांनी, पण बोलतो एकानेच. एलटीईत एकाहून जास्त लेयरचं अपलिंक (आपल्याकडून टॉवरकडे) रिलीज १० मध्ये आलं, आमच्या राउटरला ते लागू नाही. मग कोणत्या सॉकेटमधून तो बोलतो? एकेक केबल काढून पाहिली. एक काढली की अपलोड पार बसतं, दुसरी काढली की फक्त आरआय १ होतो. बोलणाऱ्या सॉकेटवर लाल टेप लावला आणि त्याला सगळ्यात आखूड केबल दिली. टॉवर दोन्ही तिरप्या अँटेनांनी ऐकून बेरीज करतो, त्यामुळे बोलणारा अँटेना उजवीकडे झुकलाय की डावीकडे याने फरक पडत नाही. पुलावर जाणं बंद झालं आहे.

रात्री आठ ते दहा वेग उतरतो. तेव्हाही आरआय २ च असतो, सीक्यूआयही तोच. टॉवरकडे २० मेगाहर्ट्झला १०० रिसोर्स ब्लॉक (पट्ट्याचे वाटून द्यायचे तुकडे) असतात, ते सगळ्या गावांत वाटले जातात, आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांचे मोबाइल चालू असतात. हे आमच्या अँटेनाने सुटणारं नाही. ग्रामपंचायतीला तसं स्पष्ट लिहून दिलं, म्हणजे उद्या कुणी कोन बदलत बसणार नाही.

२४ नोव्हेंबर, अंबाजोगाई

अहवालात ५जी हवंच, म्हणून शहरात फिरून मोजलं. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि त्याचा मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचा. तिथं तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, अर्धी साधारण ४.३. एवढ्याशा अंतरावर अँटेना बसवता येतात, म्हणून एका पॅनेलमध्ये ३२ किंवा ६४ ट्रान्समीटर-रिसीव्हर मावतात. ९०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी साडेसोळा सेंटिमीटरहून जास्त, ७०० ला एकवीसच्या वर. त्या पट्ट्यांवर ६४ चं पॅनेल करायचं तर दाराएवढं होईल आणि टॉवरवर वारा त्याला टिकू देणार नाही.

याचा आपल्या भागासाठी अर्थ असा. लांब पोचणारा पट्टा खेड्याला मिळणार, आणि त्याच पट्ट्यावर अँटेना कमी असणार, दोन किंवा चार. मॅसिव्ह मायमो, म्हणजे असं ३२-६४ चं पॅनेल, शहराच्या चौकात आधी दिसेल. खेड्यात जे दोन-चार मिळतील ते नीट वापरणं हाच मार्ग, आणि कोन त्यासाठी फुकट आहे.

३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोबाइलला चार रिसीव्ह अँटेना मानकानेच सक्तीचे आहेत. त्यामुळे चार लेयरपर्यंत वाव असतो. योगेश्वरीच्या देवळाकडच्या जुन्या गल्ल्यांत, दगडी वाड्यांच्या मध्ये, रँक ३ आणि मधूनमधून ४ दिसली. तोच मोबाइल घेऊन पठाराच्या कडेला, जिथून पॅनेल थेट दिसतं तिथं, सिग्नल कितीतरी चांगला, पण रँक २ च्या वर गेली नाही. मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत उतरलो तर ५जी सुटलंच. ४ ऑगस्टच्या पानावरचं गणित इथं डोळ्यांनी बघायला मिळालं. मोकळ्या जागी ध्रुवीकरणाचे दोन लेयर, बाकीच्या अँटेनांचा उपयोग ताकद एका दिशेला वळवण्यासाठी.

१४ डिसेंबर

मार्गशीर्षाची यात्रा, उद्या पौर्णिमा. देवीच्या दर्शनाची रांग लांबवर गेलेली. मॅसिव्ह मायमोची खरी कसोटी अशा गर्दीतच असते. कारण ६४ अँटेना एकाच माणसाला ६४ लेयर देत नाहीत. ५जीच्या रिलीज १५ मध्ये एका मोबाइलला डाऊनलिंकला जास्तीत जास्त आठ. पण त्याच पट्ट्यात, त्याच क्षणी, वेगवेगळ्या दिशांच्या मोबाइलना वेगवेगळे लेयर देता येतात, सगळे मिळून बारा पोर्टांपर्यंत, म्हणजे बारा सुट्या लेयरपर्यंत. मार्झेट्टा या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की टॉवरवरच्या अँटेना वाढवत नेल्या की वापरकर्त्यांच्या वाटा आपोआप एकमेकींपासून सुटत जातात.

त्यासाठी टॉवरला प्रत्येकाची वाट माहीत हवी. ६४ अँटेनांचा तपशील मोबाइलने मोजून कळवायचा तर सगळा वेळ त्यातच जाईल. म्हणून उलटी युक्ती: हा पट्टा टीडीडीचा आहे, चढती आणि उतरती दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर. मोबाइल आपल्या अँटेनांवरून आळीपाळीने एसआरएस नावाचा खुणेचा सिग्नल सोडतो, टॉवर तो ऐकून उतरतीची वाटही ओळखतो. मोबाइल लांब असेल तर त्याची खूण क्षीण पोचते. मग टॉवर कोडबुकवर (आधीच ठरलेल्या पर्यायांच्या तक्त्यावर) येतो: टाइप १ मध्ये एक बीम (एका दिशेला वळवलेला झोत) निवडायचा, टाइप २ मध्ये अनेक बीमचं मिश्रण.

रांगेत उभे असलेले लोक टॉवरवरून जवळजवळ एकाच दिशेला दिसतात, त्यामुळे त्यांना सुटं करणं सगळ्यात अवघड. मंदिराच्या भोवती चारी बाजूंना पसरलेली गर्दी त्यापेक्षा सोपी. आज बाहेरून एवढंच पाहता आलं की रांगेच्या आत वेग रेंगाळत होता आणि दुकानांच्या बाजूला बरा होता. आमच्याजवळ टॉवरच्या आतले आकडे नाहीत, म्हणून याला अहवालात निष्कर्ष म्हणून घेणार नाही, निरीक्षण म्हणूनच लिहिणार.

२८ डिसेंबर, गाव

क्लॅम्पवर ऑइलपेंटने ४५ अंशांच्या खुणा मारल्या, म्हणजे वाऱ्याने हलले तरी कुणालाही पुन्हा बसवता येतील. पेटीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला: लाल टेपचा सॉकेट बोलणारा, अँटेना उभे करू नयेत, पाइप उंच करू नये. ताईने तो स्वच्छ अक्षरात लिहून दिला आणि खाली टॉवरच्या दिशेचा बाणही काढला.

पुढच्या तुकडीसाठी दोन कामं. मे महिन्यात पेटीच्या आतलं तापमान मोजणं, कारण आपल्याकडच्या उन्हात राउटर टिकला पाहिजे. आणि टॉवरपासून आणखी लांबच्या वस्तीवर, जिथं एसएनआर ६ डीबीच्या खाली जातो, तिथं उभी मांडणी खरंच जास्त देते का ते बघणं. तिथं नुसता आरआय बघून समाधान मानू नये. दोन लेयर चालू आहेत पण दोन्हींचा सीक्यूआय ५ असेल, तर मिळून १.७५ बिट होतात. एकच लेयर सीक्यूआय ८ वर चालला तर १.९१. मोड ४ मध्ये दोन्ही सीक्यूआय वेगळे मिळतात, ते दोन्ही आरआयच्या शेजारच्या रकान्यात लिहावेत.